नवरीचं मुखपृष्ठ

आमच्या घरात खळ रोज शिजायची. आमटी एखाद्या दिवशी नुसतं पिवळं पाणी असायची, भाजी कधी कधी नसायचीच, पण खळीला खाडा नव्हता. गव्हाच्या पिठाची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली ती निळसर खळ आई एका चेपलेल्या पातेल्यात ढवळत बसायची आणि ते पातेलं घरातल्या बाकीच्या भांड्यांना शिवू द्यायची नाही. मोरचूद पोटात गेलं तर माणूस जातं, हे आम्हा दोघी बहिणींना अक्षरओळख व्हायच्या आधी पाठ झालं होतं. खळ लागायची अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, कागद चिकटवायला. कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीच्या माडीवर दोन खोल्या होत्या. त्या दोन खोल्यांत अण्णा सिनेमाचं मासिक काढायचे, आणि त्याच दोन खोल्यांत आई, अण्णा, माझी मोठी बहीण अक्का आणि मी असे चौघं राहायचो. संपादक, चित्रकार, जाहिराती गोळा करणारा आणि शिपाई हे सगळे हुद्दे अण्णांकडेच होते. आईकडे खळ होती.

खालून दिवसभर हमालांच्या आरोळ्या यायच्या, गुळाच्या ढेपा फरशीवर टेकवल्याचा दबका आवाज यायचा, आणि समोरच्या बोळातल्या छापखान्याचं मशीन सुरू झालं की आमच्या फडताळातल्या कपबशा एकमेकींना लागून किणकिणायच्या. गुळाचा वास कपड्यांना, केसांना, शाळेच्या पुस्तकांना. माश्यांचा तर विचारू नका. टेबलावर वाळत ठेवलेल्या नट्यांच्या फोटोंवर त्या हटकून बसायच्या, आणि अण्णा टॉवेल घेऊन धावले की आई म्हणायची, “बसू द्या की. त्यांस्नी तरी फुकट बघू द्या.” आई फारसं बोलायची नाही, पण बोलली की असं काहीतरी बोलायची. सिनेमा तिनं आयुष्यात किती पाहिले असतील देव जाणे. नट्यांची नावं मात्र तिला सगळी ठाऊक होती, कारण त्यांच्या कात्रणांचे तुकडे ती रोज केरात काढायची.

महिन्यातून एकदा ‘कव्हर लावायचं’ असायचं. त्या दिवशी घरात सोयर असल्यासारखं वातावरण. बाहेरच्या खोलीतली अंथरुणं गुंडाळून माळ्यावर जायची, जमिनीवर जाजम पडायचं, जाजमाच्या मधोमध मुखपृष्ठाच्या मापाचा पांढरा पुठ्ठा. त्याच्या चहूबाजूंनी फोटो, रंगवलेली अक्षरं, मासिकाच्या नावाची पट्टी, सोनेरी चांदण्या, किंमत लिहिलेला गोल. एकही तुकडा उडू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. आश्विनातल्या उकाड्यातसुद्धा, घामानं निथळत, अण्णा विणायच्या सुईच्या टोकानं एकेक तुकडा केसभर इकडे आणि केसभर तिकडे सरकवत बसायचे. आम्हाला शिंकायची सोय नव्हती. मनासारखं जमलं की खळ लावायची, आणि मग अण्णा तो पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या दोरीवर चिमट्यानं टांगायचे. आम्हा तिघींना हातात बादली घेऊन त्याच्यासमोरून भराभरा चालत जायला लावायचे. का, तर एस.टी. स्टँडवर मासिक असंच टांगलेलं असतं आणि माणूस असाच सामान घेऊन पळत असतो. “आधी काय दिसलं?” ते विचारायचे. आई ठरलेलं उत्तर द्यायची, “भिंतीचा पोपडा.” मी अण्णांना आवडेल ते सांगायचे. खरं उत्तर अक्काचं. “नाव कपाळावर बसलंय अण्णा, जरा वर घ्या,” असं ती म्हणायची आणि अण्णा खरोखरच खळ ओली आहे तोवर पट्टी उचलून वर घ्यायचे. अण्णांचा एक सिद्धांत होता, तो आम्ही इतक्यांदा ऐकला होता की झोपेत म्हटला असता. गिऱ्हाईक आधी डोळे बघतं. डोळे जमले की बाकीच्या अंगाकडे कुणी बघत नाही.

अक्काचं नाव सुलभा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. उंच, सावळी, मान जरा लांब, चालताना आवाज न करणारी. त्या वर्षी श्रावणात तिची सुपारी फुटली. स्थळ जयसिंगपूरचं होतं. तंबाखूचे व्यापारी, नाव बापूसाहेब. मुलगा वसंत एकुलता. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती आणि त्याला वाढवलं होतं त्याच्या विधवा आत्यानं. अशा घरात आमच्यासारख्याची मुलगी पडते हे अण्णांच्या भाग्यानं नव्हे, अक्काच्या वागण्यानं झालं होतं. आत्याबाईंनी तिला एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं आणि हीच सून हवी असं धरून बसल्या. बापूसाहेबांनी सुपारीच्या बैठकीत एकच अट घातली. “पावणं, तुमचा धंदा तुम्हाला लखलाभ. पण आमची सून त्या पुस्तकात दिसता कामा न्हाय आणि स्टुडिओची पायरी चढता कामा न्हाय.” अण्णांनी चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगितलं, “माझ्या मुलीचा चेहरा माझ्या मासिकात कधीच छापणार न्हाय. शब्द हाय माझा.” मग आत्याबाईंनी अक्काच्या गळ्यात कोल्हापुरी साज घातला. वसंतच्या आईचा. मधलं पान लाल खड्याचं, आजूबाजूला मासे, कमळ, कारलं, चंद्र अशी सोन्याची पानं ओवलेली. घालताना आत्याबाईंना रडू आवरेना. “वहिनीच्या मागं ह्याला कुणाचा गळा मिळाला न्हवता,” म्हणाल्या.

वसंत गणपतीत एकदा आत्याबाईंना घेऊन आमच्याकडे येऊन गेला. बोलका नव्हता. जाजमाच्या कडेला उभा राहून कात्रणं बघत होता, आणि अक्का एका फोटोची कड ब्लेडनं कापत होती. अट घातलेली होती ती दिसण्याची, कापण्याची नव्हे. तो तिला म्हणाला, “कापताना हात थरथरत न्हाय तुमचा?” बस, एवढंच. एवढंच वाक्य अक्कानं पुढचे दोन महिने मला धान्य निवडताना, कपडे पिळताना, वेणी घालताना ऐकवलं. “‘तुमचा’ म्हणाला बघ, ‘तुझा’ न्हाय म्हणाला.” मी चेष्टा करायचे आणि ती सूप उगारायची. आमच्या घरात कुणाला काही आवडलं आहे हे इतकं स्पष्ट दिसलेलं मला दुसरं आठवत नाही.

त्या वर्षीच्या दिवाळी अंकाचं अण्णांनी फार मनावर घेतलं होतं. कोल्हापुरात एका चित्रपटाचं शूटिंग सुरू होतं, आणि त्यातल्या नव्या नायिकेनं दिवाळी अंकासाठी नवरीच्या वेषात फोटो द्यायचं कबूल केलं होतं. अण्णांनी आधीच्या अंकात मोठी चौकट टाकून ते जाहीरसुद्धा करून टाकलं. उतावळा नवरा म्हणतात तसले आमचे उतावळे संपादक. विक्रेत्यांनी एरवीपेक्षा जास्त अंक मागवले. आणि बाई शूटिंग अर्धवट टाकून मुंबईला निघून गेली, परत यायचं काही चिन्ह नाही. तिच्या माणसानं टपालानं एक फोटो पाठवला. नुसता चेहरा. गळ्याच्या खाली काहीच नाही. पण चेहरा असा, की अण्णा तो हातात धरून खिडकीशी उभेच राहिले. डोळे सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यात घुसणारे. “हा चेहरा मिळाला आणि नवरी गेली,” ते म्हणाले आणि जाजमावर मटकन बसले. दिवाळी अंकावर आमचं वर्ष उभं असायचं. तो पडला की पुढचे महिने मासिक निघणं कठीण, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

अण्णा बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत बसले होते. अक्का समोर बसून सोनेरी कागदाच्या चांदण्या कापत होती. एकाएकी अण्णा म्हणाले, “सुले, मान जरा डावीकडं कर.” तिनं केली. “हनुवटी खाली. आणि हात पदरावर घे.” आईच्या हातातला झारा तिथंच थांबला. अण्णांचे डोळे चेहऱ्यावरून अक्काच्या गळ्यावर आणि गळ्यावरून पुन्हा फोटोवर जात होते. ते काय करणार आहेत हे आम्हाला एका क्षणात कळलं, कारण एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या धडावर बसवणं हे आमच्या घरात कांदा चिरण्याइतकं रोजचं होतं. नटानं टोपी घातलेली हवी असेल तर टोपीवाला कुणीतरी शोधायचा आणि चेहरा बदलायचा. पण ते धड कुणाचं हा प्रश्न आजवर आमच्या घरात कधी पडला नव्हता.

“अहो, शब्द दिलाय तुम्ही,” आई म्हणाली.

“चेहऱ्याचा दिलाय. चेहराच कापणार हाय मी. मग ती सुली राहिली कुठं?”

“आणि दागिने कुठलं आणायचं? माझी ती पितळी ठुशी?”

“ठुशी जोड झाकायला लागंल. पण जोडाच्या खाली काहीतरी चमकतं पाहिजे, म्हंजे नजर तिथनं खाली घसरती. साज घालू दे की.”

“ते लोकांचं लेणं हाय. अजून लग्न लागलं न्हाय.”

“झिजणार हाय का फोटो काढून? गिऱ्हाईक डोळे बघतंय. साज कोण बघतंय!”

अक्काला कुणी विचारलं नाही. पण ती नको म्हणाली नाही हेही खरं. तिच्या मनात काय होतं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. एवढं सांगते, की दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या फोटोग्राफरच्या दुकानात, दार आतून लावून, आईचा लग्नातला शालू नेसून आणि साज घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिनं स्वतःकडे जितका वेळ बघितलं तितका वेळ मी तिला कधी बघताना पाहिलं नव्हतं. लग्न दीड महिन्यावर आलं होतं. आपण नवरी म्हणून कशा दिसू हे कुठल्या मुलीला बघावंसं वाटणार नाही? फोटोग्राफर म्हणाला, “ताई, हसू नका, चेहरा काय लागायचा न्हाय.” तरी ती हसली. तो फोटो मी पाहिलेला आहे. पूर्ण फोटो, चेहऱ्यासकट. तसा सुंदर फोटो आमच्या घरात आधी आला नाही आणि नंतरही नाही.

अण्णांनी तो जाजमावर ठेवला आणि ब्लेड घेतलं. कानाच्या मागून, जबड्याच्या कडेनं, हनुवटीखालून. हात जराही हलला नाही. अक्काचा चेहरा सुटून जाजमावर पडला आणि त्यांनी तो कोपरानं बाजूला सारला. आईनं उचलला आणि चुलीत घातला. बाहेर कुणाच्या हाती लागू नये म्हणून घातला असणार. पण ती तशीच चुलीसमोर बसून राहिली, त्या दिवशी भाकरी करपल्या. इकडे अण्णांनी नायिकेचा चेहरा बसवला, ठुशीच्या मण्यांवरून बारीक ब्रश फिरवून जोड बुजवला, हातांवर मेंदी रंगवली, आणि पुठ्ठा दोरीवर टांगला. आम्ही बादल्या घेऊन चाललो. “आधी काय दिसलं?” मी म्हणाले, डोळे. आई काहीच म्हणाली नाही. अक्का पुठ्ठ्यासमोर थांबली, म्हणाली, “छान झालंय अण्णा.” माझा नातू हल्ली मोबाईलवर माझा चेहरा कुठल्यातरी राणीच्या अंगावर बसवून दाखवतो आणि हसत सुटतो. मी हसत नाही म्हणून सून म्हणते, आईंना विनोद कळत नाहीत.

अंक निघाला आणि अण्णांनी आयुष्यात पाहिला नव्हता असा खपला. एस.टी. स्टँडवरचा विक्रेता सायकलवर येऊन आणखी अंक मागून गेला. सलूनवाल्यांनी कव्हर फाडून आरशाच्या बाजूला चिकटवली. आम्ही शाळेत जाताना, भाजीला जाताना सगळीकडे ती नवरी दिसायची आणि अक्का पदर तोंडाला लावून हसायची. तिचं गुपित साऱ्या गावाच्या भिंतीवर लागलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी बाहेरच्या मोडक्या जिन्यावर पावलं वाजली. आई चकल्या तळत होती, आम्ही दोघी सोऱ्या धरून बसलो होतो. बापूसाहेब, आत्याबाई आणि वसंत. न कळवता आलेले. आईनं लगबगीनं आम्हा दोघींना आत ओढून पडदा सारला. दोन खोल्यांच्या घरात पडदा म्हणजे नुसती लाज, आवाज सगळा ऐकू येतो, आणि कडेच्या फटीतून दिसतंही.

“या, या, बसा की,” अण्णा म्हणाले.

“बसाय न्हाय आलो,” बापूसाहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून अंक काढला आणि जाजमावर ठेवला. “ह्ये कोण?”

अण्णांनी नायिकेचं नाव सांगितलं.

“ती कोण ते जयसिंगपुरातलं शेंबडं पोर सांगतंय. गळ्यात काय हाय ते इचारतोय.”

आत्याबाई खाली बसल्या आणि कव्हरवर बोट ठेवलं. “मी काय सिनेमाची पुस्तकं बघत न्हाय. शेजारची पोरगी घेऊन आली, माझी नजर आधी गळ्यावरच गेली. ह्ये बघा. लाल पानाच्या डावीकडं दोन मासे. सगळ्यांच्या साजात एक मासा नि एक कासव असतंय. आमच्या वहिनीचं कासव जोतिबाच्या जत्रेत पडलं, सराफाकडं तवा कासव न्हवतं, म्हणून दुसरा मासा घातला. असा साज दुसऱ्या कुणाचा न्हाय.”

अण्णांच्या साऱ्या हयातीचा सिद्धांत त्या बाईनं एका बोटानं पुसून टाकला. पुरुष डोळे बघत असतील. बाई आधी गळा बघते. आमच्या घरात तीन बायका असून हे अण्णांना कधी सुचलं नाही आणि आम्हालाही त्यांना सांगायला सुचलं नाही.

अण्णांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “माझी चूक झाली. त्या बाईनं फोटोसाठी साज मागितला. घडीभर घातला आणि परत दिला.”

आईनं माझा खांदा घट्ट धरला. खोटं होतं, पण त्या खोट्यानं अक्का वाचत होती. बापूसाहेब शांतपणे म्हणाले, “म्हंजे सिनेमातल्या बाईच्या गळ्यात आमच्या घरचं सोनं पडलं.”

“चूक झाली माझी,” अण्णा पुन्हा म्हणाले.

“झाली ती झाली. मुलीचा त्यात काय दोष न्हाय. लग्न ठरल्यापरमाणं हुईल.” आईनं डोळे मिटून हात जोडले. “पण तो साज आणा. जाता जाता सराफाकडं टाकतो. आटवून दुसरं कायतरी करू. असल्या बाईच्या अंगावरनं उतरलेलं माझ्या सुनेच्या गळ्यात चालणार न्हाय.”

आत्याबाई रडायला लागल्या. “दादा, आटवू नगा. वहिनीचा हाय. मी धुतो, जोतिबाला लावून आणतो, पण आटवू नगा.”

“एकदा सांगितलं न्हवं.”

तेव्हा वसंत पहिल्यांदा बोलला. खाली बघत. “आईचं घरात तेवढंच राहिलंय.”

“तू गप,” बापूसाहेब म्हणाले.

माझ्या शेजारची अक्का उठली. आईनं तिचं मनगट धरलं, पण आईच्या हाताला तेल होतं, ते सुटलं. पडदा बाजूला करून अक्का बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. होणाऱ्या सासऱ्यासमोर, डोक्यावर पदर नाही, हाताला चकलीचं पीठ.

“साज आटवू नका,” ती म्हणाली. “कुठल्या बाईनं घातलेला न्हाय तो. मीच घातलता.”

“सुले, आत जा,” अण्णा म्हणाले.

“चेहरा तेवढा तिचा हाय. बाकी सगळी मी हाय. माझा चेहरा कापून टाकला.”

खाली हमाल ढेपा मोजत होते ते ऐकू येत होतं. आत्याबाईंनी अक्काला हाताला धरून खाली बसवलं, तिचा उजवा हात घेतला, पदराला पुसला आणि कव्हरवरच्या नवरीच्या हाताशेजारी ठेवला. अक्काची करंगळी लहानपणी दारात सापडून जराशी वाकडी झालेली होती. अण्णांनी मेंदी रंगवली, जोड बुजवला, पण करंगळी सरळ करायचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आत्याबाई ती करंगळी हातात धरून बसल्या. “हिचाच हाय,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तर वाटलं, त्यांना बरं वाटलं.

“पावणं,” बापूसाहेब अण्णांकडे वळले. “सुपारीला काय बोलला होतासा?”

“चेहरा न्हाय छापला मी,” अण्णा म्हणाले. “शब्द पाळलाय.”

“व्हय. चेहरा सोडून पोरगी सगळी छापलीसा. चव्हाट्यावर टांगलीसा. आज हजामाच्या दुकानात माझी सून लोकांच्या दाढ्या बघती हाय.” त्यांनी टोपी सरळ केली. “साज आटवायचं आता काय कारण न्हाय. तो आणा. सोयरीक मात्र संपली.”

आत्याबाई “दादा, दादा” करत राहिल्या. अक्कानं फक्त वसंतकडे पाहिलं. तो साजाकडे बघावं तसा कव्हरकडे बघत होता. काही बोलेल असं मला वाटलं. माझ्या सगळ्या अंगाला वाटलं. तो बोलला नाही. अक्का आत आली, पेटीतून साज काढला, पदरानं पुसला आणि बाहेर जाऊन आत्याबाईंपुढे धरला. त्यांचे हात उचलेनात. शेवटी वसंतनं तो घेतला. ते गेले तेव्हा कढईतलं तेल धुरानं काळं झालं होतं.

अण्णा अक्कावर ओरडले ते त्यानंतर. “सगळं वाचत होतं! सोनं आटलं असतं तर आटलं असतं! कुठल्या मेलेल्या बाईच्या साजापायी स्वतःचं लगीन मोडलंस!” अक्कानं उत्तर दिलं नाही. आईनं दिलं. मी आईला त्या एकदाच अण्णांना एकेरीत बोलताना ऐकलं. “तू गप बस,” ती म्हणाली. अण्णा गप्प बसले, आणि त्या विषयावर नंतर मरेपर्यंत गप्पच बसले. मला त्यांचा आजही राग येतो. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यासारखा हात मी पुढे जिथं नोकरी केली त्या मोठमोठ्या जाहिरात कंपन्यांतसुद्धा पाहिला नाही. पण आपली मुलगी जाजमावरच्या तुकड्यांपैकी एक नव्हे, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही. नंतर कळलं असेल तर त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

अक्काला त्यानंतर स्थळं आली नाहीत असं नाही. बोलणी एका टप्प्यावर यायची आणि कुणीतरी ते कव्हर आठवायचं. मग तिनंच थांबवलं. डी.एड. केलं आणि चंदगडला शाळेत लागली, जिथं वर्षाचे चार महिने माणूस छत्रीखालीच असतं आणि सिनेमाचं मासिक कुणी बघत नाही. तिथंच राहिली, तिथंच निवृत्त झाली. मी वर्षातून एकदा एस.टी.नं जायचे. गावच्या पोरांनी तिला ‘बाई’ म्हणून आयुष्यभर पुरेल इतकं हाकारलं. ती वाईट जगली असं मी म्हणणार नाही. पण आमच्या जाजमावरच्या त्या फोटोत ती नवरी होती, आणि ती नवरी मी पाहिलेली आहे.

शेवटच्या आजारात मी तिच्याकडे महिनाभर होते. एका दुपारी ती भाताची पेज पीत होती, मी समोर बसले होते. आयुष्यभर न विचारलेलं विचारलं. “अक्का, का बोललीस गं त्या दिवशी? गप्प बसली असतीस तर आज तू जयसिंगपुरात असतीस.” कोल्हापूरच्या आम्हा मुलींची बोली अशी, की आम्ही स्वतःबद्दल ‘मी गेलो, मी बसलो’ असंच म्हणतो. ती म्हातारपणीही तशीच बोलायची.

“असतो की,” ती म्हणाली. “वसंतच्या शेजारी बसलो असतो. आणि त्याच्या आईचं सोनं माझ्यामुळं आटलं, हे जन्मभर एकटा मीच जाणत बसलो असतो.” मग पेजेचा आणखी एक घोट घेतला. “ते जिना उतरताना मी खिडकीत उभा होतो, तुला ठाऊक न्हाय. वाटलं, एकदा वर बघंल.”

“बघितलं का?”

“न्हाय. साज दोन्ही हातांत धरलेला. जिन्याच्या पायऱ्या मोडक्या होत्या न्हवं, एकेक पायरी बघत उतरला.” तिनं वाटी माझ्या हातात दिली. “बरं केलं. पडला असता.”